मामांच्या गाठी

विद्यापीठात कुलगुरूंच्या वरही एक पद असतं आणि त्यावर आमच्या ग्रंथालयाचे शिपाईमामा बसलेले असतात, हे मला सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झालो त्याच आठवड्यात कळलं. मामा बिद्रीकडचे, उसात वाढलेले. इमारत दुरुस्तीला काढायची ठरली आणि वरून निरोप आला की सहा महिने टाळं लावा, तेव्हा आम्ही साहेबलोक माना डोलवत बसलो होतो. चहा घेऊन आलेले मामा मध्येच बोलले, "परीक्षा काय सहा महिनं थांबणार हाय व्हय? एक जरी पोरगं रिकाम्या हातानं माघारी गेलं, तर लावा टाळं. किल्ली मीच आणून देतो." ग्रंथालयप्रमुखांनी हे लेखी मागितलं. मामांनी सही ठोकली आणि राहिलेला चहा वाटला.

त्या दिवसापासून इमारतीवर मामांचं राज्य सुरू झालं. वाचनकक्ष आज जिन्याखाली, उद्या व्हरांड्यात, एकदा तर दोन दिवस नव्या स्वच्छतागृहात, अर्थात भांडी बसायच्या आधी. ड्रिलवाल्याला मामा हात वर करून थांबवायचे. "पावणं, त्या पोरीचं पान संपू द्या, मग पाडा भिंत." तो बिचारा पान उलटायची वाट बघत उभा. पोरगी सावकाश वाचणारी निघाली की भिंतीला दुपारपर्यंत आयुष्य मिळायचं.

पुस्तकं बांधून हलवायची जबाबदारी माझी होती, आणि तिथं मी माझी कर्तबगारी दाखवली. प्रत्येक गठ्ठ्यावर विषयाची चिठ्ठी ठेवायची, मग जाड कागद गुंडाळायचा, मग मामांनी सुतळी बांधायची, अशी माझी शास्त्रशुद्ध पद्धत. गठ्ठे छतापर्यंत रचून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की सगळ्या चिठ्ठ्या कागदाच्या आत आहेत.

नेमकी दुसऱ्या दिवशी हुपरीची एक मुलगी मृदाशास्त्राचं पुस्तक मागायला आली. दोन दिवसांवर तिचा पेपर. मागं प्रमुख उभे, हातात मामांच्या सहीचा तो कागद. मी ढिगाकडं बघत घाम पुसत होतो. मामांनी रांगेवरून नुसता हात फिरवला, एक गठ्ठा ओढला, सोडला आणि पुस्तक पोरीच्या हातात ठेवलं. प्रमुखांनी कागदाची घडी घातली.

"मामा, कळलं कसं?"

"गाठ बघा की सायब. शेतीला उसाच्या मोळीची गाठ मारलीया. कायद्याला डबल, न्हाय तर पळवाट काढत्यात. कवितेला सैल, गुदमरत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चिठ्ठ्या आत चालल्याल्या दिसत हुत्या मला. पर म्हटलं, शिकल्याला माणूस हाय, काहीतरी इचार असंल."

टाळं लागलं नाही. काम मात्र लांबत गेलं आणि नवं दालन उघडायच्या महिनाभर आधी मामा निवृत्त झाले. गठ्ठे सुटले, पुस्तकं नव्या कपाटांत गेली. एकच गठ्ठा उरला. त्याची गाठ मोळीची नाही, डबल नाही, सैलही नाही. मामांना फोन केला तर म्हणाले, "बघितल्याबिगर कसं सांगू?"

तेव्हापासून दर गुरुवारी मामा एसटीनं येतात. गाठीवरून बोट फिरवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "आज न्हाय आठवत." मग चहा घेतात, आवाज नको म्हणून चपला हातात धरून वाचणाऱ्या पोरांमधून एक चक्कर मारतात आणि बिद्रीची गाडी धरतात. परवा नव्या लिपिकानं तो गठ्ठा सोडायला माझ्याकडं कात्री मागितली. ती माझ्या खणातच होती. मी हरवली म्हणून सांगितलं.