उलुरूच्या अलीकडे पाच दिवस

सिंगापूरला वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दोन महिने ऑस्ट्रेलियाचा नकाशा पसरलेला होता आणि आम्ही त्याच्या कडेकडेने ताटं ठेवून जेवत होतो. नकाशावर आमटी सांडू नये म्हणून हे मला दर जेवणाला बजावत. हे म्हणजे माझे यजमान. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, चीफ इंजिनिअर झाले, आणि पाठ कुरकुरायला लागली तेव्हा समुद्र सोडून हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत खुर्चीवरची नोकरी धरली. त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच ते रोज संध्याकाळी घरी येत होते, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची सवय होत नव्हती. मी वीस वर्षं जे घर एकटीने चालवलं त्यातले डबे कुठल्या फळीवर असावेत याबद्दल त्यांची मतं होती.

म्हणून ही सहल काढली. जूनमध्ये ॲडलेडहून निघायचं, गाडीमागे कॅरव्हॅन जोडायची, म्हणजे चाकांवरची एक खोलीच, आणि सरळ उत्तरेला वाळवंटात उलुरूपर्यंत जायचं. उलुरू म्हणजे सपाट माळावर एकटाच बसलेला तो अवाढव्य तांबडा खडक. त्याचा फोटो मी बँकेतल्या माझ्या कॉम्प्युटरवर लावला होता. रॅफल्स प्लेसला एकविसाव्या मजल्यावर बसून रोज तो बघायचे. माझी पंधरा दिवसांची रजा साहेबांनी तीनदा परत पाठवून चौथ्यांदा मंजूर केली होती. मुलगी पॉलिटेक्निकला होती. तिला आमच्याबरोबर यायचं नव्हतंच.

गाडी आणि कॅरव्हॅन होती यांच्या जहाजावरच्या एका जुन्या मित्राची. तो ॲडलेडला स्थायिक झाला होता. "ताडपत्रीखाली नुसती पडून आहे, घेऊन जा," तो म्हणाला. "फक्त निघण्याआधी गॅरेजला दाखवा. चाकांची बेअरिंग जुनी आहेत."

"गॅरेज कशाला? मी बघतो," हे म्हणाले.

आमचे पहिले दोन दिवस त्या मित्राच्या अंगणात गेले. हे चाकं काढून ग्रीस भरत होते आणि मी शेजारी उभी राहून पाने देत होते. मी म्हटलं, "अहो, एकदा दाखवून घेऊ ना. दुसऱ्याची वस्तू आहे."

"जहाजाचं इंजिन सांभाळलंय मी," हे म्हणाले. "ही दोन चाकं आहेत."



रस्त्याला लागल्यावर कळलं की या सहलीत मला कामच नाही. माझ्याकडे सिंगापूरचं लायसन्स होतं, तिसऱ्या खेपेला का होईना मिळवलेलं. पण मागे कॅरव्हॅन असली की चालवणं वेगळं असतं, असं यांनी एकदाच सांगून विषय मिटवला. मला एक वही दिली. दर तासाला त्यात वेळ, किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि इंजिनचं तापमान लिहायचं. पहिल्या दिवशी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजताची नोंद राहिली, कारण मी बाहेर बघत होते. बाहेर तसं काही नव्हतं. तांबडी माती, गुडघ्याएवढी झुडपं आणि क्षितिजापर्यंत सरळ रस्ता. पण ते बघायलाच मी आले होते.

"दोनचं रीडिंग कुठंय?" यांनी विचारलं.

"माझ्याजवळ नाही."



कूबर पेडी नावाचं खाणकामगारांचं गाव गेलं आणि त्यापुढे यांना खरा आउटबॅक, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा आतला ओसाड मुलूख, बघायची हुक्की आली. डांबरी हायवे सोडून आम्ही एका कच्च्या रस्त्याला वळलो. कॅरव्हॅन फक्त डांबरी रस्त्यावर न्यायची, असं त्या मित्राने बजावलं होतं. मी आठवण करून दिली. "पन्नास-साठ किलोमीटरचाच तुकडा आहे, पुढे परत हायवेला लागतो," हे म्हणाले. तो रस्ता पन्हाळी पत्रा आडवा टाकावा तसा होता. दीड तास आमचे दात एकमेकांवर आपटत होते. हायवेवर परत आलो तेव्हा मागच्या खोलीतलं कपाट उघडून तांदूळ, डाळ आणि माझी हळद जमिनीवर एक झाली होती. ते मी झाडून काढत असतानाच मला जळका वास आला.

"ब्रेकचा असेल," हे म्हणाले आणि निघाले.

दहा मिनिटांनी मागून एक लांबलचक ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर आमच्या बरोबरीने येऊन हॉर्न वाजवत मागे बोट दाखवत होता. आम्ही थांबलो. कॅरव्हॅनच्या डाव्या चाकातून धूर येत होता आणि चाक खालून बाहेर कललेलं होतं. हे उकिडवे बसून कितीतरी वेळ त्या चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेअरिंग गेलं." एवढंच. मला म्हणायचं होतं ते सगळं अंगणातच म्हणून झालं होतं.

तो गुरुवार होता. ट्रकवाला पुढे निरोप देतो म्हणून गेला आणि ती रात्र आम्ही तिथेच काढली. शुक्रवारी दुपारी पुढच्या रोडहाउसवरून एक मोठी गाडी आली आणि कॅरव्हॅन पाठीवर घालून घेऊन गेली. रोडहाउस म्हणजे पेट्रोलपंप, त्याला जोडून खानावळ, मागे पत्र्याच्या सहा खोल्या. दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे किलोमीटर काही नाही. मोबाइलला रेंज नाही. ते चालवणारी साठीची बाई होती, आवाजाने पहाडी, मनाने चांगली. तिने आम्हाला एक खोली दिली आणि काउंटरवरचा फोन वापरू दिला. मी मुलीला फोन लावून सगळं सांगितलं. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट कम बॅक लाह. इट्स अ रॉक."

कूबर पेडीत सुट्या भागांचं एक दुकान होतं, शनिवारी बारापर्यंत उघडं. यांनी फोनवरून बेअरिंगचा नंबर सांगितला आणि त्यांच्याकडे ते होतं. सकाळी निघताना मी म्हटलं, "तो चाकाचा काढलेला जड तुकडा, बेअरिंगसकट, गाडीत टाकून नेऊ या. दुकानदार बघेल, ताडून देईल."

"गरज नाही. ग्रीस भरताना नंबर वाचलाय मी."

दीडशे किलोमीटर गेलो, दीडशे परत आलो. गाडीमागे काही नव्हतं, तरी यांनीच चालवली. अडीचच्या सुमाराला हे सतरंजी टाकून कॅरव्हॅनखाली शिरले. मी बाहेर उभी राहून चेहऱ्यावरच्या माशा हाकलत होते. खाली खुटखुट चालली होती, ती थांबली. 

"काय झालं?"

"बसत नाही."

"म्हणजे?"

"साइज वेगळा आहे. एक आकडा चुकला असेल."

दुकान बंद झालेलं. दुसरा दिवस रविवार. सोमवारी तिकडे इंग्लंडच्या राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. मंगळवारशिवाय काही होणार नव्हतं. आणि आमचं विमान ॲडलेडहून पुढच्या शनिवारी होतं. हिशेब करायला मला वही लागली नाही. मंगळवारी दुरुस्त, बुधवारी निघायचं, कॅरव्हॅन ओढत ॲडलेडला दोन-तीन दिवस. उलुरू आमच्या यादीतून गेला होता.

रविवारी सकाळी खानावळीत टोस्ट खाताना मला सुचलं. खरं तर आदल्या दिवशीच सुचायला हवं होतं. मी म्हटलं, "गाडी तर चालू आहे. कॅरव्हॅन इथे ठेवू. आत्ता निघालो तर संध्याकाळी उलुरूला पोचू, उद्या परत येऊ."

यांनी मान हलवली. "दुसऱ्याची वस्तू आहे. अशी उघड्यावर टाकून जायची नाही."

बाईला आमचं मराठी कळत नव्हतं, पण विषय कळला असावा. ती म्हणाली, "मी लक्ष ठेवते. इथून कॅरव्हॅन चोरायला कोण येणार, आणि एका चाकावर नेणार कुठे?"

हे हसले नाहीत. मला म्हणाले, "बिघडलेलं मशीन सोडून मी कधी गेलेलो नाही."

माझा आवाज चढला. "मशीन सोडून नाही गेलात. आम्हाला सोडून गेलात, दर वर्षी आठ-आठ महिने."

पलीकडच्या टेबलावरच्या दोन ट्रकवाल्यांनी बशीत डोकं घातलं. हे उठले आणि बाहेर जाऊन कॅरव्हॅनपाशी उभे राहिले. मी खोलीत गेले, पर्स घेतली, खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली. बाईकडून पाण्याचा कॅन आणि पेट्रोल भरून घेतलं. यांच्यासमोरूनच गाडी बाहेर काढली. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून की जा म्हणून, कळलं नाही. मी उत्तरेला वळले.

आजही मला सांगता येत नाही की मी उलुरूला निघाले होते की नुसती तिथून निघाले होते. पहिले वीस किलोमीटर मी चाळीसच्या वेगाने गेले. पण त्या रस्त्यावर चालवायला अवघड असं काही नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं. अर्ध्या तासाने मी वेग वाढवला, काच खाली केली. मोठ्याने भांडत होते, गाडीत एकटीच. मुलीचा ताप, सासूबाईंचं ऑपरेशन, वुडलँड्सचा फ्लॅट भाड्याने घेताना मालकाशी झालेली बोलणी, ही सगळी जुनी प्रकरणं मी एकेक काढली आणि शेजारच्या रिकाम्या सीटला ऐकवली. बोलून बोलून घसा कोरडा पडला.

शंभरेक किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला एक छप्पर आणि बाक होतं. तिथे थांबून पाणी प्यायले आणि दोन तास तरी बसून राहिले. उलुरू अजून साडेचारशे किलोमीटर. पेट्रोल होतं, वेळ होता, किल्ली माझ्या हातात होती. पण तिथे जाऊन त्या खडकाकडे एकटीने बघायचं, आणि मग पुढची वीस वर्षं घरात ते एकटीनेच आठवायचं, हे काही मला जमेना. एकटीने आठवायच्या गोष्टी माझ्याकडे आधीच पुष्कळ होत्या. यात शहाणपणा होता की कच खाल्ली, कोण जाणे. गाडी वळवली आणि परतीच्या रस्त्यावर स्वतःवरच जास्त चिडले.

तीन वाजत आले होते. रोडहाउसच्या अलीकडे, हायवेच्या अगदी कडेला, हे घडीच्या खुर्चीत उन्हात बसले होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी गाडी शेजारी लावली तरी उठले नाहीत. बाई नंतर म्हणाली की मी गेल्यावर तासाभराने त्यांनी खुर्ची तिथे नेली आणि जेवायलासुद्धा आत आले नाहीत.

मी उतरले.  मग यांनी विचारलं, "किती लांब गेलीस?"

"शंभर."

"पाच तास झाले." थोड्या वेळाने म्हणाले, "टायर फुटला असेल, कांगारू आडवा आला असेल, काहीही मनात येतं. आणि विचारायचं कोणाला?" मग माझ्याकडे न बघता, "तू कशी काढायचीस ते महिने?"

हा प्रश्न वीस वर्षांत पहिल्यांदाच आला होता. त्यावर मला रडू येईल असं कधीतरी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मला रागच आला.

"कशी म्हणजे? कामं असायची. इथे बसून विचारताय तसं तेव्हा मला कोणी विचारलं नाही," मी म्हटलं. "आणि फोन लागायचा नाही तेव्हा तुमच्या कंपनीच्या ऑफिसला फोन करायचे. ते म्हणायचे, मॅडम, जहाज वेळेवर आहे. जहाजाबद्दल मी विचारलंच नव्हतं."

यांनी डोक्यावरचा टॉवेल सोडला. मग उठले, खुर्ची मिटली आणि म्हणाले, "चहा घेऊ." आम्ही आत गेलो. बाईने काही न विचारता दोन मग भरून ठेवले. चहा पाणचट होता.

सोमवार आम्ही पत्र्याच्या खोलीच्या सावलीत बसून काढला. यांनी तीनदा हात धुतले, चारदा कॅरव्हॅनला फेरी मारली, रोडहाउसचा गळका नळ विचारून दुरुस्त केला. मी जुनी मासिकं वाचली. मंगळवारी मात्र त्यांनी न सांगता चाकाचा तो जड तुकडा गाडीत ठेवला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. मी चालवत असताना पंचवीस वेळा तरी "डावीकडे" आणि "हळू" म्हणाले. पंचविसाव्या वेळी मी गाडी कडेला थांबवून विचारलं, "चालवता?" त्यानंतर एकदाही म्हणाले नाहीत. या वेळचं बेअरिंग बसलं. बुधवारी सकाळी दक्षिणेला निघालो.

ॲडलेडच्या मित्राने कॅरव्हॅनभोवती एक फेरी मारली, कच्च्या रस्त्यावरच्या दगडांनी पत्र्यावर उठलेले टवके बघितले आणि काही बोलला नाही. ते फार जड गेलं.

सिंगापूरला परतल्यावर ऑगस्टच्या शेवटी एका स्नेह्यांच्या कॉन्डोतल्या घरी गणपतीच्या आरतीला गेलो होतो. प्रसाद घेऊन सगळे बसल्यावर कोणीतरी सहलीबद्दल विचारलं. यांनी सुरुवात केली. वाळवंट, धूर, ट्रकवाला, रोडहाउस. ऐकणाऱ्यांना मजा येत होती. यांच्या गोष्टीत बेअरिंग एकदाच आलं आणि लगेच बसलं. मग कोणी म्हणालं, "म्हणजे उलुरू थोडक्यात हुकलं तुमचं, नशीब."

मी वाटीतला शिरा संपवत होते. म्हटलं, "नशीब नाही. नंबर चुकला होता."

खोलीत जरा अवघड झालं. यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता घरी जाईपर्यंत अबोला.

"हो," हे म्हणाले. "मी चुकीचा नंबर सांगितला. चाकाचा काढलेला तुकडा बरोबर घेऊन जाऊ असं ही म्हणत होती, मी ऐकलं नाही." रविवारची गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही. ती आम्ही दोघांनीही कोणाला सांगितलेली नव्हती. कोणीतरी विषय बदलून शाळांच्या ॲडमिशनवर नेला.

उलुरूला आम्ही पुढे कधीच गेलो नाही. दोनदा ठरलं. एकदा माझी रजा अडली, एकदा यांची पाठ. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा फोटो मी परतल्यावर पहिल्याच सोमवारी काढून टाकला. साहेबांनी विचारलं, "कसा आहे तो खडक?" मी म्हटलं, "बघितला नाही." ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली.