बेलापूरचा हुलगा

दूध उतू जायच्या बेतात, यांचा डबा भरायचा राहिलेला, आणि तेवढ्यात कडी वाजली. दारात एक मुलगी उभी. पाठीवर पिशवी, बुटांवर धूळ. एकदा हातातल्या मोबाईलकडे, एकदा आमच्या अंगणाकडे बघत ती म्हणाली, "काकू, तुमच्याकडे हुलगा कुठे पेरलाय?"

"हुलगा? बेलापुरात?" मला हसूच आलं. समोर कालवा, चहूकडे ऊस. "हुलगा आहे, पण स्वयंपाकघरात, डब्यात. ये, चहा घे."

तिचं नाव धनश्री. कोरडवाहू पिकांच्या एका प्रकल्पावर काम करते. माझी पदवी भूगोलाची, त्यामुळे चहा होईपर्यंत तिचं म्हणणं मला बऱ्यापैकी उमगलं. हुलगा आज जिथे जिथे उभा आहे तिथला पाऊस, दोन पावसांमधली उघडीप, उन्हाळ्याची झळ, हिवाळ्यातला गारठा, हे सगळं संगणकाला द्यायचं. मग तो सांगतो, अशी हवा आणखी कुठे आहे, आणि पुढच्या तापत्या वर्षांत कुठे टिकेल. त्या नकाशावरून गावं निवडायची. निवडलेल्या गावांना बियाणं मिळणार, हुलगा साफ करायचं यंत्र बसणार, गावातच खरेदी होणार.

"पण नकाशा वेड्यासारखा वागतोय," ती म्हणाली. "पाथर्डीकडचा डोंगरपट्टा कोरा, आणि हिरवा ठिपका तुमच्या ओट्यासमोर! राहात्याजवळ तसेच, काष्टीजवळही तसेच. संगणकाला वाटायला लागलंय की हुलग्याला कालव्याचं पाणी आवडतं."

मी डब्याकडे बघितलं. त्यातले हुलगे भागूबाईचे होते.

आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत दर वर्षी ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या पडतात. भागूबाई त्यातलीच. पाथर्डी तालुक्यात डोंगराखालच्या गावची. अंगावरची हळद उतरली नव्हती तेव्हा पहिल्यांदा तोडीला आली, आता तिला सून आली आहे. पाणी आमच्या नळावरून नेते, आणि येताना घरचे हुलगे आणते. "रिकाम्या हातानं हंडा भरायचा व्हय?" म्हणते. आमच्याकडची शेंगोळी तिच्या मुरमाड रानावरची आहेत. मागच्या हिवाळ्यात सासूबाई न्हाणीत पडल्या, घरात मी एकटी. भागूबाई कोयता टाकून धावत आली आणि सासूबाईंना उचलून दिवसभर त्यांच्या उशाशी बसली. त्या दिवसाची तिची तोड बुडाली. त्याचा तिने कधी शब्दही काढला नाही.

त्या सकाळी कारखान्यावर गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून तोड बंद होती. भागूबाई नळावर सापडली.

"मावशी, मोबाईलवर हुलग्याचं काही भरलं होतं का?" धनश्रीने विचारलं.

"व्हय की. गावाच्या ग्रुपवर आलं हुतं. सुनेनं वाचलं, मी बटन दाबलं."

"कुठे उभं राहून?"

"कोपीच्या दारात. तितंच रेंज येती."

"अहो मावशी, बटण दाबाल तिथे ठिपका पडतो. ते शेतात उभं राहून दाबायचं होतं!"

"शेत हाय पाथर्डीला, मी हाय हितं. पाय काय येवढे लांब हायेत व्हय माजे?"

धनश्री खळखळून हसली आणि मधेच थांबली. "म्हणजे राहाता, काष्टी... ते ठिपकेही कोप्यांचेच असणार. आणि आमची माणसं तुमच्या गावात विचारायला गेली तेव्हा गावात कुणी नव्हतंच."

"कोन आसनार? म्हातारी मान्सं आन् कुत्री." भागूबाईने हंडा खाली ठेवला. "मंग आमचं गाव न्हाई का निवडायचं?"

धनश्रीने मोबाईलवरचा कोरा डोंगरपट्टा तिच्यापुढे धरला.

"सुनेला सांगून बसले हुते मी," भागूबाई म्हणाली. "पोटुशी हाय ती. येत्या दसऱ्याला मांडीवर लेकरू आसंल. हुलग्याचं काम गावात आलं तर तिला घरी ठिवायची. माजी पोरं कोपीत वाढली, ताई. ह्ये तरी घरात वाढावं."

"निवड माझ्या हातात नाही, मावशी," धनश्री म्हणाली. "पण ठिपका खऱ्या जागी नेणं आहे. गावात आत्ता कोण आहे?"

दीर होता, गुरं सांभाळायला मागे राहिलेला. भागूबाईने फोन लावला तो सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

"अजिनाथभावजी, हुलग्याच्या रानात जाऊन हुबे ऱ्हावा!"

"आत्ता? काय झालं वहिनी? हुलगं तर कवाच काढलं. निस्ती खुटं हायेत."

"खुटांवर हुबे ऱ्हावा. पाठिवलंय ते उघडा आन् बटन दाबा."

"कुनी बगितलं तर येडा म्हनंल मला!"

"ते आदीच म्हन्त्यात. तुमी दाबा!"

मग ती स्वतःच धनश्रीला घेऊन कोपीकोपीतून फिरली. दुपारपर्यंत तिकडे डोंगराखाली कुणाचा सासरा, कुणाची जाऊ, आपापल्या रानात मोबाईल धरून उभी होती. मी सगळ्यांना चहा केला. तेवढंच माझ्या हातून झालं. पुढे राहात्याच्या आणि काष्टीच्या कोप्या धनश्रीने अशाच पालथ्या घातल्या.

महिन्याभराने नवा नकाशा माझ्या मोबाईलवर आला. कालव्याचा काठ कोरा, डोंगरपट्टा गर्द हिरवा. ऊन वाढलं, उघडीप लांबली, तरी हुलगा तिथे तग धरील असा संगणकाचा अंदाज. गावांच्या निवडीत भागूबाईचं गाव होतं.

मी तशीच कोपीवर गेले. भागूबाईने ओले हात पदराला पुसले, मोबाईल घेतला आणि आत सुनेपुढे धरला. "ह्ये बग, तुजं घर." सून नकाशाकडे कमी आणि सासूकडे जास्त बघत होती.

धनश्रीला फोन लावून दिला. "पोरी, लई उपकार झाले बग."

"उपकार तुमचे, मावशी. नाहीतर माझा हुलगा उसातच बुडाला असता. आता तुम्हाला काय हवंय ते सांगा."

भागूबाईने जरा विचार केला.

"येवढंच कर. पुढच्या खेपेला इचारायला आलात, तर आमी घरी आसताना या. पोळ्यापासून दसऱ्यापत्तुर हुलगा रानात आन् आमी घरीच आसतो."