डाव्या बाजूचा बेल्ट

तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक हे बोलता येईल. बायकोजवळ बोललो नाही. देवळात डोळे मिटून उभा राहतो, सगळं मनात येतं, आणि या गोष्टीपाशी आलं की मी डोळे उघडतो नि घंटा वाजवून बाहेर पडतो. सात वर्षं असंच चाललंय. आज कागद पुढे घेतलाय खरा — पण सुरुवात कुठून करू?

जीपपासून करतो. जीपबद्दल बोलायला लागलो की मला बरं वाटतं. हा पळपुटेपणाच झाला, मला कळतंय, पण थोडा वेळ चालवून घ्या.

मी बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होतो. सालवडला माझी एक पत्र्याची शेड आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिथं जुन्या जीप पुन्हा उभ्या करायच्या हे माझं वेड. आमच्यासारख्या वेड्यांची एक खोड असते. जीप जितकी मूळची राहील तितकी आमची छाती फुगते. मूळचा नट, मूळचा आरसा, मूळचा पत्रा. कुणी गाडी बघायला आला की मी त्याला ओणवं व्हायला लावायचो आणि म्हणायचो, बघा, या पत्र्याला मी एकही नवं भोक पाडलेलं नाही. या एका वाक्यासाठी मी काय काय केलंय! आणि लोकही मान डोलवायचे. त्या मान डोलवण्याची चटक लागते हो.

दिगू माझा शाळेपासूनचा मित्र, माकुणसारचा. त्याचे वडील पानमळ्यातली पानं करंड्यांत भरून जीपनं सफाळ्याच्या स्टेशनात पोचवायचे. ते गेल्यावर ती जीप वाडीत जांभळाखाली उभी राहिली ती वीसेक वर्षं. मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं ती दुपार अजून माझ्या स्वप्नात येते. टपाच्या कांबींवर वेल चढलेला, स्टिअरिंगवर जांभळांचे डाग, आणि मागच्या फळीवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. ऊन पानांतून खाली गळत होतं. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट होतं, आताच कुठून तरी फिरून आल्यासारखं.

दिगू म्हणाला, "घे, कर काय करायचा ता. बाबांची हाय, भंगारात नाय देववत."

अट घातली ती सुलभावहिनींनी. दिगूची बायको. गावातल्याच शाळेत शिकवतात. बाई मोठी नेटकी. त्या म्हणाल्या, टेकड्या चढायला नेणार असाल तर गाडीला बेल्ट पाहिजेत आणि वरती तो लोखंडी पिंजरा पाहिजे. रोल केज म्हणतात त्याला — जाड पाइपचा सांगाडा, गाडी उलटली तरी माणसांवर तिचा भार येऊ देत नाही.

"जीपला पिंजरा? मी काय वाघ हाय काय?" दिगू.

"वाघ नाय, पण चालवता तसेच. बेल्ट नि पिंजरा असंल तरच मी बसंन," वहिनी म्हणाल्या.

हे ध्यानात ठेवा. बेल्ट वहिनींनी मागितला होता.

रोल केज मी मन लावून केला. पाइप जाड, बिनजोडाचा, वाकवताना कुठं चेपला नाही. केजचे पाय मी थेट खालच्या चेसिसला धरले, आणि तेही जुन्याच भोकांतून. वेल्डिंगला रामसूरत होता, बनारसकडचा, माझ्याहून वयानं मोठा. त्यानं जोड असे भरले की बोट फिरवलं तर कुठं अडू नये. ते काम आजही कुणी बघावं. मला त्याची लाज नाही.

लाज आहे ती बेल्टची. उजव्या बाजूचा, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूचा खालचा पत्रा दिगूच्या वडिलांनीच कधीतरी बदलून घेतलेला. तो मूळचा नव्हता, म्हणून मला त्याची माया नव्हती. तिथं मी बिनधास्त भोकं पाडली, खालून जाड लोखंडी प्लेट दिली आणि बेल्टचा बोल्ट तिच्यात कसला. बेल्टला झटका बसला की ओढ एका भोकावर येऊ नये, वीतभर पत्र्यावर पसरावी, त्यासाठी ती प्लेट असते.

डावीकडचा पत्रा मात्र मूळचा होता. कारखान्यातून आला तसा, त्याच्या त्या उभ्या घड्यांसकट. आत एक जुनं भोक होतं. त्यातून बोल्ट सरळ खाली गेला. मी खाली फक्त एक मोठा वॉशर घातला आणि नट आवळला. बस.

रामसूरत गाडीखाली आडवा झाला होता. तिथूनच म्हणाला, "बाबूजी, इधर भी प्लेट डालिए. ये पतरा गल गया है. पापड़ है, पापड़."

मलाही दिसत होतं. बोटानं दाबलं तर पोपडे पडत होते. पण प्लेट द्यायची तर तो सडका भाग कापायचा, मूळचा पत्रा जायचा, आणि मग मी लोकांना ओणवं करून काय दाखवायचं? मी म्हणालो, "ओरिजिनल है, तुम नहीं समझोगे." गंज खरवडला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वरून हिरवा रंग मारला. रंग वाळल्यावर इतकं सुंदर दिसत होतं की मीच विसरलो. खरंच विसरलो का? नाही. पण आठवायचं नाही असं ठरवणं फार सोपं असतं.

दसऱ्याला जीपची पूजा झाली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूची माळ. पुढच्या रविवारी आम्ही चार जीप घेऊन मासवणच्या पुढं टेकडीवर निघालो. वाटेत मासवणला चहा. भात पिकून सोनेरी झालेलं, सूर्या नदी संथ, हवेत कापलेल्या गवताचा वास. वहिनी डावीकडं बसल्या होत्या, ओढणी कानामागून घट्ट बांधलेली. चहा झाल्यावर त्या पुन्हा चढून बसल्या आणि बेल्ट लावला. मी बघत होतो. टक.

हे मी बघितलं होतं. पुढं जे म्हणालो ते हे बघूनही म्हणालो.

तीन गाड्या पुढच्या वळणाआड गेल्या होत्या. दिगूची सगळ्यात मागे. मी पुढच्या गाडीतून उतरून चढावर उभा राहिलो आणि हातानं त्याला वाट दाखवत होतो. डावं चाक एका ओल्या दगडावर चढलं आणि सुटलं. मला वाटायचं गाडी उलटते म्हणजे केवढा तरी धडाका होत असेल. तसं नव्हतं. ती हळूच आडवी झाली, झोपेत माणूस कूस बदलतो तशी. गवत तिच्या अंगाखाली निजलं. मग आणखी एक कूस, आणि ती केजवर पालथी पडून थांबली. चाकं फिरत होती. झेंडूच्या पाकळ्या सावकाश खाली येत होत्या, आणि एक बगळा, नुसता बाजूला सरकावा तसा, उडून दुसऱ्या बांधावर बसला. मी ते सगळं बघत उभा होतो. किती वेळ? मला सांगता येत नाही. त्या क्षणाला अजून शेवट नाही.

दिगू त्याच्या बेल्टमध्ये उलटा लोंबकळत होता. त्याला ओरखडाही नव्हता. वहिनी जागेवर नव्हत्या. त्या पहिल्याच कुशीला बाहेर फेकल्या गेल्या होत्या, खालच्या अंगाला, दगडाशी. नाचणी कापणारी माणसं शेतातून धावत आली आणि माझ्याआधी त्यांच्यापाशी पोचली. एक म्हातारा ओरडला, "बाय जित्ती हाय! पानी आना!"

माझ्याआधी — कारण मी वहिनींकडं गेलोच नाही. मी जीपकडं गेलो. दिगू स्वतःला सोडवून पलीकडून वहिनींकडं धावला, आणि मी डावीकडं गुडघे टेकून आत वाकलो. बेल्ट लोंबत होता. एक टोक आतल्या बाजूला पक्कं. दुसऱ्या टोकाला बोल्ट, वॉशर, आणि वॉशरभोवती गंजक्या पत्र्याचा हाताच्या पंज्याएवढा तुकडा, माझ्या हिरव्या रंगासकट. मध्ये बकल. बकल लागलेलं होतं.

मी लाल बटण दाबलं. बोल्टाकडचा अर्धा बेल्ट सुटून माझ्या हातात आला. तो मी हत्यारांच्या पिशवीत, पान्यांखाली कोंबला. मग वहिनींकडं धावलो.

हे लिहून झालं.

झोळीतून त्यांना खाली आणलं. दवाखान्याच्या दारात दिगूनं मला विचारलं, "बेल्ट लावला नवता काय रे तिनी?" मी म्हणालो, "नसंल बहुतेक." संध्याकाळपर्यंत माझ्याच तोंडात त्यातलं 'बहुतेक' गळून पडलं. जीप ओढून माझ्याच शेडमध्ये आणली, दुसरीकडं कुठं नेणार? मी दार लावून डावा पत्रा कापला, नवा टाकला, खाली प्लेट दिली, आणि तोच बेल्ट परत बसवला. रामसूरत तोवर गावी गेला होता. विचारणारं कुणी नव्हतं.

वहिनींच्या डोक्याला मार होता, उजवा खांदा नि कोपर मोडलेलं. चौथ्या दिवशी शुद्ध नीट आली. मी भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, "भावजी, मी बेल्ट लावलेला हो. टक असा आवाज ऐकलेला मी. माझ्या कानात हाय तो."

त्या खाटेवर होत्या, हात प्लास्टरमध्ये, आणि आशेनं माझ्याकडं बघत होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याहून सोपी वेळ कुठली येणार होती? मी म्हणालो, "वहिनी, तो मासवणच्या आधीचा असेल. चहानंतर राहिलं असेल."

त्यांनी नजर वरच्या पंख्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "असंल."

पत्रा सडका ठेवला तो माझा गर्व होता. बटण दाबलं ती भीती. पण हे तिसरं — हे मी शांतपणे केलं, खुर्चीवर बसून, हातात मोसंबी घेऊन.

आमच्या जीपवाल्यांच्या मंडळात मला शाल आणि नारळ मिळाला. माझ्या केजनं दिगूचा जीव वाचवला म्हणून. मी तो घेतला आणि वर भाषणही ठोकलं, की पिंजरा कितीही मजबूत असो, बेल्ट लावला नाही तर उपयोग नाही. दिगू समोर बसून मान डोलवत होता. पहिल्या वर्षी तो घरी जेवताना वहिनींना सारखं म्हणायचा, स्वतःच हट्ट करून बेल्ट बसवून घेतलेस नि स्वतःच लावला नाहीस. रागानं नाही, दुःखानं. पण रोज. आता त्याचा विनोद झालाय. वहिनींना काही आठवलं की तो हसून म्हणतो, हिला बेल्ट लावलेला पण आठवतो.

वहिनींचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्यावर त्या डाव्या हातानं लिहितात. मुलांना हात दाखवून सांगतात, बाळांनो, मी बेल्ट लावला नव्हता म्हणून हे असं. मी एकदा पाहुणा म्हणून त्या वर्गात खुर्चीवर बसून हे ऐकलंय. पण हाताचं एक वेळ सोडा. त्या घराबाहेर पडताना तीनदा परत जातात — गॅस बंद केला ना, कडी लावली ना. मुलांचे तपासलेले पेपर दिगूला पुन्हा बघायला लावतात. इतकी नेटकी बाई. त्यांनी स्वतःवर विश्वास ठेवायचं सोडून दिलंय, आणि ते सोडायला मी सांगितलं.

गेल्या आठवड्यात दोघं आमच्याकडं पालघरला जेवायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. मी ओट्याशी चहा गाळत होतो.

"भावजी, माझा चष्मा तुमच्याकडं राहिला काय? टीव्हीच्या बाजूला ठेवलेला असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याचं काय मेलं!" आणि हसल्या.

मी जाऊन बघितलं. चष्मा टीव्हीच्या बाजूलाच होता, घडी घालून, रुमालावर ठेवलेला. मी तसं सांगितलं.

"हाय? तिथंच हाय?" त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. पलीकडं त्या दिगूला हाका मारत होत्या, "अवो, ऐकलात? बरोबर होता माझा! मला बरोबर आठवत होता!"

चहा निवत होता. त्यांनी दोनदा थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

बेल्टचंही त्यांना बरोबर आठवत होतं. हे मी तेव्हा बोललो नाही.