डावीकडचा माग

अर्धांगाचा झटका येऊन गेला. ह्यांचा हात सुधारला, पाय सुधारला आणि माझं डोकं फिरायला लागलं. जेवायला बसले की रोज एकच, "चटणी न्हाय केलीस?" ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, सगळं वाढलेलं असायचं. मी बोट लावून दाखवायची. मग खायचे, आणि वर म्हणायचे, "आत्ता वाढलीस." अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. दोन महिने मला खोटारडी ठरवत होते.

डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, पण मेंदूला उजवीकडे इजा झालीय, म्हणून डावीकडे लक्षच जात नाही. मला काही ते पटलं नाही. धडधडीत डोळे असलेल्या माणसाला अर्धं ताट दिसू नये, हे कुठलं दुखणं? आजारपणाचे लाड चाललेत, असंच मी धरून चालले. मी टाकून बोलायची, हेही ओरडायचे.

टेमघरच्या कापडाच्या कारखान्यात हे शेजारशेजारचे दोन माग चालवायचे. एका मागासाठी माणूस कोण ठेवणार? मुकादम भला होता. म्हणाला, "सोमवार को दोनों चलाके दिखाओ, जगह तुम्हारी." आमची चूल त्या जागेवर पेटत होती. सोबत मीच गेले.

उजव्या मागावर ह्यांचा हात काय फिरत होता. सुताची तार तुटली की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू. मला वाटलं, सुटलो. डावा माग मुकादमानं चालू करून दिला होता. त्याच्या तारा तुटत होत्या, कापडाला फट पडत चालली होती, आणि हे तिकडे मान वळवायला तयार नाहीत. त्या खडखडाटात माझी हाक पोचेना. नुसती दातओठ खात उभी राहिले. शेवटी मुकादमानं तो माग बंद केला आणि माझ्याकडे बघून हात हलवला. जागा गेली.

हे बाहेर आले ते भडकूनच. "एकच माग दिला त्यानं मला. दुसरा कुनाला दिला? बेइमान साला."

मुकादम पाठोपाठ आला होता. काकुळतीला येऊन मला म्हणाला, "बाई, आप ही समझाओ इनको."

हे माझ्याकडे वळले. "तू व्हतीस ना तिथं? सांग, व्हता का दुसरा माग?"

नाटक नव्हतं ते. दोन महिने मी ज्या माणसाशी भांडले, त्याला खरंच दिसत नव्हतं. राग तेव्हाही आला होता, पण काढू कोणावर?

"न्हवता," मी म्हणाले. मुकादम समोरच उभा होता.