आठ फुटांवरचा फ्लॅश

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. मुदखेडच्या स्टेशनसमोर त्यांचं फोटोचं दुकान होतं. घराण्यातला पहिला बी.ए. मी, पण लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या एका कचेरीत फोटोग्राफरची तात्पुरती जागा मिळाली, ती मामांनी शिकवलेल्या कामावर.

दुष्काळाचं वर्ष होतं. पाझर तलावावरच्या मजुरांचे फोटो हवे होते. उन्हाकडे तोंड केलं की बायांचे डोळे मिटत, म्हणून मी त्यांना उन्हाकडे पाठ करून उभं केलं. फोटो आले तर आभाळ पांढरंफेक आणि पदराखाली नुसता काळोख.

साहेबांनी फोटो माझ्याकडे सरकवले. "ही माणसं आहेत की ढेकळं? आठ दिवसांत चेहरे दिसले नाहीत तर दुसरा माणूस बघतो."

मी मुदखेड गाठलं. मामांनी आपला फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवून दिला. "सावलीत थोडा उजेड आपण घालायचा. पण आठ फुटांवरनं. लांब गेलास तर पोचत न्हाई."

तलावावर हशा पिकला. "अगं बघ, दिवसा बत्ती लावायलाय ह्यो!"

आठ फूट माझ्या लक्षात होते. पण अनोळखी बायांच्या इतक्या जवळ जायला पाय उचलेना. वीस फुटांवरूनच रोल संपवला. चेहरे पुन्हा काळे. फ्लॅशच जुना आहे, असं मी कचेरीत सांगून मोकळा झालो.

दोन दिवस उरले तेव्हा पुन्हा गेलो आणि पुन्हा लांबच थांबलो. खडी फोडणारी एक म्हातारी ओरडली, "आरं सायबा, जवळ ये की! आमी काय चावतो का?"

"चालेल ना, मावशी?"

"चालतंय. पदर तेवढा मागं घ्यायला सांगू नको. ह्या माझ्या शेजारच्या पोरीचा सासरा तिकडं उभा हाय."

पदराला हात लावायची गरजच नव्हती. पावलं मोजत मी आठ फुटांवर आलो आणि बटण दाबलं.

दोन दिवसांनी मामांना पत्र टाकलं:

"आदरणीय मामा, सविनय जयभीम. चेहरे आले. पदराच्या आतले डोळेसुद्धा स्पष्ट आले. साहेबांनी मला आणखी सहा महिने ठेवून घेतलं आहे. पहिल्या वेळी मी तुमच्या फ्लॅशला दोष दिला होता. फ्लॅश चांगला होता, मीच लांब उभा होतो. साहेबांनाही आज तसं सांगितलं. मामीला जयभीम. आपला भाचा."