आक्कांची चुंबळ

गंगाक्कांना मागून हाक मारली की त्या मान वळवायच्या नाहीत; अख्ख्या वळायच्या. पायापासून, सावकाश, आणि तेही नेहमी डावीकडून. समोर तोंड आलं की म्हणायच्या, "हाव सायब, बोला." मला वाटायचं, बाईला भारी तोरा आहे. काय अक्कल म्हणावी माझी!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आम्हा कारकुनांना उस्मानाबादहून इकडे धाडलं होतं. फायली ट्रकनं येऊन पडल्या, टेबलं मात्र आली नव्हती. पत्र्याच्या पेटीवर रजिस्टर ठेवून दिवसभर वाकून नकला करायच्या. महिन्याभरात माझी मान आखडून गेली. मी सडाफटिंग, गंगाक्कांच्या घरातल्या एका खोलीत भाड्यानं राहत होतो. आक्का विधवा, घरात एकट्याच; कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. एका संध्याकाळी मी कण्हत चपला काढतोय हे बघून त्यांनी तव्यावर ओवा आणि जाडं मीठ भाजलं, फडक्यात बांधलं आणि ती गरम पुरचुंडी माझ्या मानेवर टेकवली.

"ओला शेक लई चांगला," त्या म्हणाल्या, "पर पाणी कुठलं आनावं? कोरडाच घ्या."

मग करडीच्या तेलात लसूण कढवून वाटी माझ्यापुढे सरकवली. मी रागारागानं मान रगडायला लागलो, तर ओरडल्या, "आवो, मान हाय ती, पाटा-वरवंटा न्हाई! तिला इचारत इचारत चोळा." उशी काढून घेतली आणि जुन्या लुगड्याची एक चुंबळ दिली. "ही मानंखाली घ्या. सकाळी मला सांगा." खरंच, कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. डोक्यावर घागर ठेवताना खाली घ्यायची ती चुंबळ, हे मला दिसत होतं. त्यांच्याकडे दुसरी आहे का, एवढं मात्र मी विचारलं नाही.

दुष्काळ होता. टँकर चौकातल्या हौदात पाणी ओतून जायचा, तिथून बायका डोक्यावर घागरी आणायच्या. खोलीबरोबर भाडेकरूला रोज दोन घागरी द्यायच्या, अशी आमची बोली होती. त्या दोन घागरी माझ्या दाराशी भरलेल्या असायच्या. कशा येतात, याचा विचार मी कधी केला नाही.

आराम पडला तशी मला मस्ती सुचली. एका दुपारी कचेरीच्या व्हरांड्यात चहा पिताना मी आक्कांची नक्कल करून दाखवली. ताठ मान, पायापासून वळणं, "हाव सायब, बोला." मंडळी पोट धरधरून हसली. वळता वळता मी पूर्ण फिरलो, तर समोर आक्का उभ्या! सकाळी मी विसरलेली पुरचुंडी घेऊन उन्हातून चालत आल्या होत्या.

त्यांनी ती माझ्या हातात दिली. "बेस करायलाव सायब," त्या म्हणाल्या. "पर तुमी उजवीकडून वळलाव. मला तिकडून वळता येत न्हाई."

आणि गेल्या. मी माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौदावरून चाललो होतो. आक्का घागर उचलत होत्या. डोक्यावर नुसती पदराची घडी, त्यावर घागर. ती सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी काठ धरलेला आणि मान आवळून दगड झालेली. घरी माझ्या अंथरुणावर त्यांची चुंबळ पडली होती. चार पावलं जाऊन घागर माझ्या हातात घ्यायची, एवढंच काम होतं. पण बायांच्या रांगेत कलेक्टर कचेरीचा कारकून? ओळखीचं कुणी बघेल, याची मला लाज वाटली. माझी मान दुखतेय, असं मनाला सांगून मी पुढे गेलो. खरं सांगतो, त्या दिवशी ती दुखत नव्हती.

संध्याकाळी दाराशी दोन घागरी होत्याच.

पुढे माझी नांदेडला बदली झाली. आक्का एसटी स्टँडवर पोचवायला आल्या. मी पिशवीतून चुंबळ काढून पुढे केली.

"ऱ्हाऊ द्या. तितं बी लिवायचंच हाय न्हवं?"

"आक्का, तुमची मान..."

"तिला सवय हाय," त्या म्हणाल्या. "चढा आता."

मी मागच्या खिडकीशी बसलो. "आक्का, चुकलं माझं" हे शब्द अगदी ओठांवर आणले होते, तेवढ्यात गाडी हलली आणि त्यांच्या उजव्या हाताला निघाली. आक्कांना निरोपाचा हात करायचा होता. पण त्यांना डावीकडूनच वळता येई. त्या वळू लागल्या, पायापासून, सावकाश, सगळा लांबचा फेरा घेऊन. मी मागच्या काचेतून बघत होतो. त्यांचा चेहरा माझ्या दिशेला आला तेव्हा गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर पडली होती. फाटकाशी उभ्या भलत्याच गाडीला आमची समजून आक्का हात हलवत होत्या.