सासरच्या विहिरीला आलेला वास

हसायचं तर पोटभर हसा, पण आधी हातातला चहा संपवा. तुम्हाला ठसका लागला तर त्याचंही पाप माझ्याच माथी यायचं, आणि माझ्या माथी सासरचं एक पाप आधीच आहे!

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीला कचेरीत कारकून. म्हणजे काय, खेड्यापाड्यात लाटसाहेबाच्या खालोखाल आम्हीच! लग्नाला सहा महिने झाले होते आणि पहिल्या दिवाळीचं बोलावणं आलं. सासर बार्शीटाकळीचं, माळ्याचं घर. मळ्यात झेंडू, शेवंती, वांगी. घरात सासरे, सासूबाई आणि ऐंशीच्या घरातले आजेसासरे.

महिनाभर माझी डावी नाकपुडी वाहत होती. आता सर्दीला कोण विचारतं? रुमाल घेतला, बायकोला घेतलं, निघालो.

दारात पोचताच आजेसासऱ्यांच्या पायाशी वाकलो. आणि अहो, असा भपकारा आला म्हणता, की मेलेली घूस परवडली! मी नाक दाबून मागे सरलो. सगळ्यांच्या देखत!

"काय झालं, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, जरा... वास येतोय."

म्हातारबुवा मुकाट्यानं उठले आणि पाय धुऊन आले. मी पुन्हा वाकलो. पुन्हा वास! बिचाऱ्यांनी त्या दिवशी तीनदा पाय धुतले, शेवटच्या खेपेला रिठ्यानं.

मग जेवायला बसलो. ताठ बसलो होतो तोवर ठीक. घास घ्यायला ताटावर वाकलो की वास! मी वाटी बाजूला सरकवली. "तूप खवट आहे."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "कालच कढवलं जी मी," त्या हळूच म्हणाल्या. तरी त्यांनी दिवाळीसाठी साठवलेलं तुपाचं अख्खं गाडगं उचललं आणि माझ्यासमोर परसात रितं केलं.

तुम्ही म्हणाल, इथं तरी गप्प बसायचं. मी आणि गप्प? दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेलो, काठावरून आत डोकावलो आणि ओरडलोच, "मामाजी, सगळ्याचं मूळ इथं आहे! विहिरीत काहीतरी मेलंय!"

माझी बायको यमुना मला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, तुमी एकडाव डागदरले नाक दाखवा ना."

"माझं नाक? माझ्या नाकामुळंच तर सगळं सापडतंय!"

सासऱ्यांनी मोटेला बैल जुंपले. ऐन दिवाळीत, झेंडूची तोडणी सोडून, घरची माणसं दीड दिवस विहीर उपसत होती. सासरे स्वतः गाळात उतरले. सापडलं काय? एक फुटकी घागर आणि गंजलेला अडकित्ता. मी काठावर उभा राहून, वाकून पाहत, निर्लज्जासारखा म्हणालो, "अजून येतोय!"

त्या संध्याकाळी यमुनेनं सांगून टाकलं, "तुमी जा. मी नाई येत. माही माय दोन दिसापासून रडून राहिली."

एकटाच परतलो. अकोल्याला गाडीत बसलो, वहाण सारखी करायला वाकलो. वास! म्हटलं, डबाच घाणेरडा. कचेरीत वहीवर वाकलो. वास! पट्टेवाल्याला झापलं. घरी आलो, पडलेला रुमाल उचलायला वाकलो, आणि तिथंच थिजलो. तिथं ना तूप होतं, ना विहीर, ना म्हातारबुवा. खोलीत फक्त मी होतो! यमुनेचं बोलणं आठवलं आणि डॉक्टर गाठले.

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं आणि स्वतःच दोन पावलं मागे सरले.

"ही वरची दाढ कधीपासून सडली आहे?"

"असेल वर्षभर. लवंग दाबली की ठणका थांबतो. पण दाढेचा आणि नाकाचा काय संबंध?"

"गालाच्या हाडात पोकळी असते. या दाढेचं मूळ तिच्या तळाला टेकतं. दाढ सडली, पू वर चढला, पोकळी भरली. तुम्ही वाकलात की तो नाकात सांडतो. अहो, महिनाभर एकच नाकपुडी वाहते, ती सर्दी असते का?"

दाढ उपटली. रक्ताआधी पू आला! आठवड्यानं खाली वाकून पाहिलं, तर मातीला नुसता मातीचा वास. आनंद व्हायचा, तर त्या माउलीचं तूप डोळ्यांपुढे आलं. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

तडक बार्शीटाकळी गाठली. सासरे ओट्यावर शेवंती निवडत होते. यमुना दाराआड उभी.

मी हात जोडले. "मामाजी, वास तुमच्या घराला नव्हता. माझ्याच दाढेत होता. मला माफ करा, आणि यमुनेला पाठवा."

आत बांगड्या वाजल्या. ती गाठोडं बांधायला लागली होती! माझा जीव भांड्यात पडला.

सासरे मान वर न करता म्हणाले, "ते आमाले ठाव होतं, जावईबापू. तुमी दारात आले, तोंड उघडलं, तवाच समजलं साऱ्यायले."

मी विचारलं, "मग विहीर काहून उपसली तुम्ही?"

"आता काय सांगाव? जावयाच्या तोंडाले वास येते असं म्हनन्यापरीस, विहीर उपसनं सोपं वाटलं."